मधलं भोक

कोयनेकडून झोंबरं वारं सुटलं, तसं पाटणच्या लालासाहेबानं सिमेंट कालवलं आणि घराची एकेक फट बुजवायला घेतली. शेवटी उरलं ते त्याच्या आणि धाकट्या भावाच्या घरामधल्या भिंतीतलं मुठीएवढं भोक.

"तेवढं ऱ्हाऊ द्या," बायको साळूबाई म्हणाली. "चुलीचा धूर जायाला वाट नगो?"

"धाकटीच्या घरात?"

"जाऊ द्या की तिच्या नाकात." धाकट्या जावेशी तिचा दिवाळीपासून अबोला होता.

लालासाहेबानं काही न ऐकता थापी उचलली. तोच भोकातून धाकटीचा आवाज आला, "भावजी, नगा बुजवू."

"का गं?"

"आक्का दिसभर मला काय काय नावं ठेवत्यात, ते मग कसं कळायचं?"

साळूबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. शेवटी तिनंच भोकाला तोंड लावलं. "थंडीची तिकडं का हुबी ऱ्हातीस? ये हिकडं, च्या ठेवलाय."

लालासाहेबानं भोक लिंपून टाकलं, तरी दोघींना पत्ता नव्हता. चुलीपुढं एका घोंगडीत बसून त्या आता नणंदेला नावं ठेवत होत्या.