टोपलीखालचं पीठ

तीन वर्षं परीक्षा देऊन रेश्मा पोलिसांच्या ठसे पथकात लागली. पहिलंच काम रहिमतपूरजवळच्या एका घरात आलं, तिथली सून काल स्वयंपाकघरात मेली होती.

"मयत झाल्यावर सारवावंच लागतंय, बाई," सासू म्हणाली. जमीन सारवलेली, भांडी घासलेली, दाराची कडीसुद्धा पुसलेली. अख्ख्या घरात रेश्माला एकही ठसा मिळाला नाही. ती आपली ठसे घ्यायची पेटी बंद करायला लागली.

मेलेला जीव कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल उमटतं म्हणून दिव्याशेजारी पीठ पसरून टोपलीनं झाकलं होतं. सुनेच्या आईनं टोपली उचलली आणि रेश्माचा हात घट्ट धरला.


"तुमी ठसं वळखता न्हवं? एवढं बघून सांगा, माझी पूजा परत बाईच्या जल्माला तर न्हाई ना गेली?"