पेन्सिलीचं टोक

कॉलेजच्या मुलींचा आणि कैद्यांचा पहिला एकत्र वर्ग तुरुंगात भरला. त्या मुलींत तीही होती. तिचे बाबा तिथलेच कैदी, पण अभ्यासाशी त्यांचा छत्तीसचा आकडा, म्हणून ती निर्धास्त आली. नेमके तेच शेजारी येऊन बसले. मैत्रिणींना तिनं ते बोटीवर नोकरीला असल्याचं सांगितलं होतं. बाबांनीही ओळख दाखवली नाही. लिहिताना तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. शार्पनरला आत बंदी. बाबांनी न विचारता पेन्सिल घेऊन लहानपणी द्यायचे तसं फरशीवर घासून टोक काढून दिलं. "ओळखता एकमेकांना?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. "नाही," बाबा म्हणाले. "माझे बाबा आहेत," ती म्हणाली. मैत्रीण हळूच म्हणाली, "बोटीवर होते ना?" "बोट धक्क्याला लागायला अजून दोन वर्षं आहेत," बाबा म्हणाले. सगळे हसले. तीही इतकी हसली की टोक पुन्हा मोडलं. तिनं पेन्सिल बाबांपुढे धरली.