नवसाचा नारळ

विद्येने मायभूमीकडे परतावे, ही इच्छा पवित्र खरी; पण तिच्यापायी काय अर्पावे लागेल, हे मागणाऱ्याला आधी कळत नाही.

अमेरिकेत इंजिनिअर झालेला लेक परतावा म्हणून तिकोणा गडाच्या पायथ्याचा दत्तोबा गावच्या भैरोबाला नवस बोलला होता. सरकारने बोलावले आणि लेक हौशीराम खरोखरच आला. मात्र नवस फेडायला देवळात आल्यावर तो देवाकडे पाहीना.

“आबा, आपल्या नदीवरचं धरण मलाच बांधायचंय.”

“आन् आपलं गाव रं?”

“गाव बुडणार, आबा. ह्या देवळाचा कळससुद्धा पाण्याखाली जाईल.”


नारळ वाढवून दत्तोबाने लेकाच्या मस्तकावर हात ठेवला, “तुज्या धरणाला कदी तडा जाऊ नये, लेकरा.”