हात पुरेल इतक्या उंचीवर

वीरेंद्रच्या हातून मोजपट्टी दुसऱ्यांदा सटकली आणि खर्रकन परत गुंडाळली गेली.

"सावकाश भाऊ," शिडी धरून उभे असलेले चैतराम म्हणाले. "कायची घाई हाय?"

"घाई नाही काकाजी."

त्याने कपाळावरचा घाम पुसला. गोंदियात त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. जवळच्या मुर्री गावातल्या या घरी तो पहिल्यांदाच आला होता. काम खरं तर दुसऱ्या मिस्त्रीचं; त्याने ते मागून घेतलं होतं. गॅरेजमध्ये, गाडीच्या वर, छताला टांगायचा रॅक.

खाली उतरून त्याने मोबाइलवर दोन नमुने दाखवले. एक जाळीचा, उघडा. दुसरा पत्र्याचा, दारं-कुलूपवाला.

"पत्र्याचा," चैतराम लगेच म्हणाले. "छताले चिकटून लाव. काई दिसाले नोको."

"ठेवायचं काय आहे? वजनाचा अंदाज लागते."

चैतरामांनी भिंतीकडे बोट केलं. लेडीज सायकल, शिलाई मशीन, कपड्यांचे दोन खोके, नर्सिंगच्या पुस्तकांचा गठ्ठा.

"आमच्या राखीचं हाय. पोरगी गेली आमची. तेरवीले दोन महिने झाले."

 उघड्या दारातून वीरेंद्रला बैठकीतला तिचा फोटो दिसत होता. हार ताजा होता. त्याने नजर वळवली. ती पुन्हा तिकडेच गेली.

राखीची आई सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या. "जाळीचा लावा भाऊ. आन् जरा खाली घ्या. माया हात पुरला पाह्यजे."

"तुले कायले हात पुराले पाह्यजे?" चैतराम म्हणाले.

"स्वेटरले ऊन दाखवा लागते. नाही तं कसर लागते."

"आता कोन घालते ते?"

सुलोचनाबाईंनी चहाचा कप वीरेंद्रपुढे केला. चैतराम गाडीभोवती एक फेरी मारून आले, मग आणखी एक. सायकलपाशी थांबले. तिच्या सीटवरची धूळ त्यांनी तळहाताने पुसली.

"जाळीचाच लाव," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आन् वेल्डिंग नोको. नट-बोल्ट लाव. उतरवता आला पाह्यजे."

"काऊन काकाजी? वेल्डिंग पक्की राहते."

"सांगतलं तेवढं कर ना!" चैतराम ओरडले आणि तरातरा आत निघून गेले.

वीरेंद्रने मापं लिहून घेतली. एक आकडा खोडून पुन्हा लिहिला. चहा अर्धाच राहिला.

"कधी येता भाऊ?" सुलोचनाबाईंनी गेटपर्यंत येऊन विचारलं.

"रविवारी."

त्याने मोटारसायकल काढली. मोठ्या रस्त्याच्या वळणावर, रसवंतीपाशी, त्याच्याबरोबर पळून येऊन लग्न केलेली त्याची बायको तोंडाला ओढणी बांधून उभी होती. घरी राहवलं नव्हतं तिला. इथवर सोबत आली होती. तो दिसताच ती पुढे धावली.

"फेकून देल्लं ना समदं?"

वीरेंद्रने हेल्मेट काढलं.

"नाही," तो म्हणाला. "रविवारी माझ्यासोबत चल, राखी."