सुटलेली नाडी

कॉर्नरचा चेंडू हवेत होता आणि कॅप्टन खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ज्याला त्याने अडवायचं, तो समोरचा ताडमाड गडी मोकळाच राहिला. त्याने आरामात उडी मारली, डोकं लावलं, गोल झाला. कॅप्टनने उठून कपाळावर हात मारून घेतला. अगदी मनापासून. नाटकात गेला असता तर घराण्याचं नाव काढलं असतं.

बाकावर बसलेल्या कोचने बोटं मोजली. सलग तिसरा सामना आणि तिसऱ्यांदा नाडी. आधी त्याला वाटलं होतं, असतात एकेकाचे ग्रह वाईट. आज त्याचं लक्ष बुटांकडे गेलं. हंगामाच्या सुरुवातीला क्लबशी भांडून हे बूट त्यानेच आणवले होते. नव्या तऱ्हेचे, मोज्यासारखे पायात चढवायचे. त्यांना नाडी नसतेच.

"सर, नशीबच फिरलंय आपलं," शेजारचा सहायक म्हणाला.

"हो ना," कोच म्हणाला. "आणि भलतंच मेहनती नशीब आहे."

नकलेला अक्कल लागते म्हणतात, ती कॅप्टनकडे नव्हती. पण मूळ कल्पना कोणाची, हे कोचइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी याच क्लबचा तो कॅप्टन होता. लोक त्याला 'तोफ' म्हणत. तेव्हाचे कोच म्हणजे मास्तर, शिस्तीचे कडक. सकाळी सहाला सगळ्यांनी मैदानावर हजर. तोफेला सहाला उठवत नसे. मग तिने न्हाणीघरात पोरं गोळा केली आणि ठरवलं, तीन सामने हरायचे, पण दिसता कामा नये. तीन सामने, तीन कॉर्नर, तीन नाड्या. मास्तरांची उचलबांगडी झाली. निरोपाच्या दिवशी पुष्पगुच्छ तोफेनेच दिला आणि वर दोन अश्रूही ढाळले.

मास्तर बॅग घेऊन निघाले, प्रत्येकाशी हात मिळवला. तोफेसमोर थांबून त्यांनी तिला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं, खांद्यावर हात ठेवला आणि दोन शब्द कौतुकाचे बोलले. ते शब्द पुढे प्रत्येक मुलाखतीत आले. बायकोला तर ते पाठ झाले होते. "सांगा, सांगा, मास्तरांचा आशीर्वाद सांगा," असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची, आणि चहा टाकायला निघून जायची.

नाडीची गोष्ट मात्र त्याने बाहेर कधी काढली नव्हती. एकदाच काढली. गेल्या वर्षी करंडक जिंकल्यावर, हॉटेलात, सगळ्या संघासमोर, भरल्या पोटी. सगळ्यांत जोरात कॅप्टन हसला होता. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय! त्यात कोच झाल्यावर त्याने सरावाची वेळ ठेवली होती पहाटे साडेपाचची. मास्तर निदान सहाला तरी बोलवायचे.

कालच्या पेपरात अध्यक्षांचं निवेदन आलं होतं, "कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे." बायकोने ते वाचलं आणि विचारलं, "पूर्ण म्हणाले? मग सामानाला खोकी मागवून ठेवते." घर क्लबचं होतं. मुलीची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. तेवढे दोन महिने मिळाले तरी पुरे, एवढीच त्याची इच्छा होती.

शिट्टी झाली. अध्यक्ष मैदानातून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशीच उभे होते, हातात पाकीट घेऊन. घर रविवारपर्यंत सोडा, म्हणाले.

"साहेब, पोरं मुद्दाम हरली," कोच म्हणाला. "हा कट आहे. मला हटवायचा."

"असं? आणि हे तुम्ही कशावरून ओळखलंत?"

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. कोचने पाकीट घेतलं. लाज वाटली त्याला, बावीस वर्षांची एकदम.

ड्रेसिंग रूममध्ये पोरं माना खाली घालून बसली होती. दुःख कसं दाखवायचं याची तालीम झालेली दिसत होती. कॅप्टन पुढे आला. त्याचे डोळे ओले होते, आवाज घोगरा.

"सर, आम्ही कमी पडलो. तुमच्यासारखा कोच पुन्हा मिळायचा नाही."

कोचने एकेकाशी हात मिळवला. शेवटी तो कॅप्टनसमोर थांबला. त्याची नजर कॅप्टनच्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि बुटांवर येऊन थांबली. मग मास्तर त्या दिवशी खाली काय बघत होते, ते त्याला कळलं. म्हातारा पहिल्या नाडीपासून सगळं ओळखून होता.

त्याने कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मास्तरांचे ते शब्द, एक अक्षर न बदलता, त्याने पुढे दिले.

"तू पुढे फार चांगला कोच होशील."