रंगूबाईच्या हाताची कात्री

बसा चंदरभाऊ, चहा यायला टाइम हाय. तवर सातपूरच्या गेणू टर्नरची गोष्ट ऐका. लय खडूस माणूस.

त्याच्या वर्कशॉपात कॉलेजची पोरं प्रोजेक्टला यायची. डिझाईन बी त्यांनीच करायचं, बनवायचं बी त्यांनीच. एकदा रूपाली नावाची पोरगी आली. द्राक्षाच्या छाटणीची कात्री बनवत होती, बायांच्या हाताला फोड येणार नाय अशी. सरांनी दोनदा परत पाठवलेली. तिसऱ्यांदा फसली तर वर्ष गेलं.

तिनं ड्रॉइंग पुढं केलं. गेणूनं बघितलं न बघितलं, गुंडाळून परत दिलं.

"कागद नको. मातीचा गोळा घे, दिंडोरीला जा. छाटणी करती त्या बाईच्या हातात दे. दाब म्हणावं."

"काका, आठ दिवस घातलेत ह्याच्यावर! निदान मापं तरी बघा."

"कागद छाटणी करतो का? जा म्हणलं ना."

पोरगी धुसफुसत गेली. मळ्यात रंगूबाई नावाची मजूर होती. गोळा बघून ती हसायलाच लागली.

"बये, कात्री देणार हाय का भाकरी थापायला लावती?"

पण दाबला. गोळ्यावर चार बोटं उमटली, अंगठा उमटलाच नाय. वीस वर्षं छाटणी करून तो वळतच नव्हता. अन् रूपालीनं कात्रीची मूठ काढलेली स्वतःच्या हातावरून.

मग गोळ्यावरून लाकडाची मूठ केली, लाकडावरून ॲल्युमिनियमची. गेणू डोक्यावर उभा. "कानस चालवतीस का लोणी लावतीस?" पोरीची बोटं सोलली, पण सोडलं नाय तिनं.

परीक्षेला सर मळ्यातच आले. रंगूबाईनं अख्खी ओळ छाटली अन् तळहात उघडून दाखवला. एक फोड नाय. सरांनी कात्री मागितली तर म्हणती, "आता नाय मिळायची." रूपाली पास!

सर तर येडेच झाले. "शिकवावं तर गेणूकाकांनी," म्हणले. "कागद बाजूला, आधी माणसाचा हात! ह्याला म्हणतात पद्धत." तवापासून सगळी पोरं आधी माती मळत्यात.

चंदरभाऊ, ते दार जरा लोटा. सोमवारी पोस्टमन आला, "गेणू टर्नर तुम्हीच ना?" म्हणला अन् कॉलेजचं हे पत्र देऊन गेला. चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. तेवढं वाचून दाखवा, पण हळू. आत पोरं हायेत.