एका सुरात ‘हो’

“डोक्यावरून जातं? माझं गणित?” सर खुर्चीतून उठलेच. “मॅडम, दर पाच मिनिटांनी मी विचारतो, समजलं का? अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. मी काय बहिरा आहे?”

मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. नववीच्या मुलांना त्यांनी एकेकटं बोलावून विचारलं होतं, कोणाचं शिकवणं कळतं, कोणाचं कळत नाही. गणिताचं नाव काढलं की मुलं छताकडे बघायची आणि हळूच म्हणायची, डोक्यावरून जातं. म्हणून पुढच्या वर्षी हा वर्ग दहावीला नव्या बाईंकडे द्यायचा, असं त्यांनी आज सरांच्या कानावर घातलं. झालं, सर भडकले. साहजिक होतं म्हणा. या वर्गाला पाचवीपासून त्यांनीच शिकवलं होतं, दहावीही आपल्याच हातून व्हावी हा एकच ध्यास होता त्यांना. त्यातून पोटची पोर त्याच वर्गात.

“आणि निकालाचं काय? सहामाहीला माझ्या विषयात एक तरी नापास आहे? तो निकाल काय आभाळातून पडला?”

मुलं म्हणतात कळत नाही, आणि पेपर तर झकास सोडवतात! विचार करकरून मॅडमचं डोकं पिकलं होतं.

“तुमच्या मुलीलाच बोलवू या,” त्या वैतागून म्हणाल्या.

मधली सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. मुलगी आली आणि अंग चोरून उभी राहिली. शाळेत वडिलांना ‘सर’च म्हणायचं, ही त्यांची सक्त ताकीद.

“मी शिकवलेलं वर्गाला समजतं की नाही?” सरांनी दरडावलं.

“हो सर!” प्रश्न संपायच्या आत उत्तर.

“ऐकलंत?”

“पण काय समजतं गं?” मॅडमनी विचारलं.

मुलीने सरांकडे चोरून पाहिलं. “तसं नाही मॅडम. हो म्हणायचंच असतं. नाही म्हटलं की सर तेच परत सांगतात. फक्त आणखी मोठ्याने.”

सरांचे कान लाल झाले. भर ऑफिसात, स्वतःच्याच लेकीने! “मग सगळे पास कसे होतात? आता का वाचा बसली? बोल!”

तेवढ्यात दारातून चार-पाच डोकी आत डोकावली. सगळ्यांच्या हातात वह्या.

“सर, हिला सोडा ना लवकर,” एकीने धीर करून म्हटलं. “सुट्टी संपेल.”

“तुमचं काय काम आहे तिच्याशी?” सर खेकसले.

पोरांनी वह्या पाठीमागे लपवल्या.

“अरे, तोंडं शिवलीत का? समजलं का मी काय विचारतोय ते?”

“हो सर!” दारातून एका सुरात आलं.

मुलीला आता अगदी असह्य झालं. सर म्हणायचं ती साफ विसरली.

“बाबा, घरी तुम्ही माझ्याशेजारी मांडी घालून, न ओरडता गणित सांगता ना, तेच मी रोज सुट्टीत या सगळ्यांना सांगते. एकदा तुम्हीच सांगा की हो यांना तसं! माझा डबा खायचा राहतो!”